हाकेला उठलेला माणूस

"बुटक्या वल्द राघो, हाजिर है?"

राजन्नाने पहिली हाक मारली तेव्हा शाळेच्या पटांगणातल्या मांडवात खसखस पिकली. दुसऱ्या हाकेला लोक माना वळवून एकाच बाजूला बघायला लागले. तिथे बायकांच्या घोळक्यात, सतरंजीच्या कडेला एक बाई बसली होती. वय पस्तीस-छत्तीस. उंची साडेतीन फुटांच्या आसपास. मांडीवर प्लास्टिकची फाइल. ती जागची हलली नाही.

मी टेबलामागे होतो. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल. हाताने खूण केली, या म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली.

आमच्या महसूल सभेची रीत सांगतो. गावात मांडव टाकायचा, आलेले अर्ज एकेक करून घ्यायचे. रजिस्टरात ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचं नाव अटेंडरने तीन वेळा पुकारायचं. तो किंवा त्याचा वारस उठून पुढे आला की काम सुरू. तिसऱ्या हाकेलाही कोणी उठलं नाही तर नावापुढे 'गैरहाजर' लिहायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. गैरहाजर लिहिलं की अर्ज गेला. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पुढची सभा कधी होईल हे आम्हालाही ठाऊक नसतं.

राजन्ना हा आमचा अटेंडर, म्हणजे शिपाई. तेलुगू, उर्दू, मराठी तिन्ही भाषांत हाक मारायचा आणि तिन्हींत सारखाच खेकसायचा. तिसरी हाक त्याने जरा लांबवून मारली. मागून कोणीतरी म्हणालं, "उठ ना वं बुटके, तुह्याच बापाले बलावून राह्यले." मांडव हसला. खोटं कशाला सांगू, हसू मलाही आलं होतं. पेन तोंडापुढे धरलं.

तेव्हा ती बसल्या जागेवरून बोलली. "बुटक्या नावाचं इथं कोनी नाही. विठोबा राघोजीची पोरगी हाजर हाये. तसं बलावा, मी उठतो."

"बाई, रजिस्टरात जे नाव आहे तेच आम्हाला घ्यावं लागतं," मी म्हणालो.

"मंग रजिस्टर चुकलं हाये, साहेब."

मी 'गैरहाजर' लिहिलं नाही. तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. ऊन चढलं होतं, अजून साठ-सत्तर अर्ज होते आणि वाद नको होता. नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब दिलं आणि तिला म्हणालो, ऑफिसात या.

मी महसूल खात्यात चौतीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं रेव्हेन्यू इन्स्पेक्टर होतो. जुनी माणसं आम्हाला अजून गिरदावर म्हणतात, तो निजामाच्या काळातला शब्द आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं ते एक मंडल ऑफिस, म्हणजे तहसील. कोणतं, ते सांगत नाही. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बेला गावाच्या बाजूचं समजा. तिथे लोक मराठी बोलतात, ऑफिस तेलुगू लिहितं आणि कपाटातले जुने कागद उर्दूत आहेत. तिन्ही वाचणारा मी एकटाच उरलो होतो, म्हणून साहेबलोक मला सांभाळून घ्यायचे. ही गोष्ट माझ्या रिटायरमेंटला तीन-चार महिने राहिले होते तेव्हाची.

दुसऱ्या दिवशी ती आली. नाव कौसल्या. मंडलाच्या गावीच ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं तिचं छोटं सेंटर होतं. मी अनेकदा त्या रस्त्याने गेलो होतो, आत बसलेली बाई बघितलीही होती. उंच खुर्ची करून घेतलेली होती, त्यामुळे ती खुर्चीवरून खाली उतरेपर्यंत गिऱ्हाइकाला तिची उंची कळायची नाही. ती म्हणाली, "उतरल्यावर लोकायचा आवाज बदलते. वर असलो का ताई, खाली आलो का अगं."

तिचं काम साधं होतं. वडील वारले. आई आधीच गेलेली. भाऊ-बहीण कोणी नाही. वडिलांच्या नावची अडीच एकर जमीन तिच्या नावावर करायची होती. याला आम्ही विरासत म्हणतो. त्यासाठी एकच गोष्ट सिद्ध करायची असते, की रजिस्टरातला माणूस हाच तुमचा बाप.

इथेच गाडं अडलं होतं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर, सगळीकडे नाव होतं विठोबा. आणि आमच्या पहाणीत होतं बुटक्या वल्द राघो. पहाणी म्हणजे कोणत्या शेताचा मालक कोण आणि ते कसतं कोण, याचं दरसालचं रजिस्टर. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. जुन्या काळी हे रजिस्टर गावचा पटवारी लिहायचा. पटवारी कोणाला नाव विचारायचा नाही. गाव ज्या नावाने हाक मारतं ते तो लिहायचा, आणि वर म्हणायचा, यालाच ओळख म्हणतात.

तुम्हाला वाटेल, एखाद्या गावातला चावटपणा असेल. तसं नाही. मी शेकडो गावांची रजिस्टरं चाळली आहेत. लंगड्या, काण्या, बहिऱ्या, थोट्या, बुटक्या, सगळे खातेदार आहेत. पण एक पाहून ठेवा. कौसल्याच्याच गावच्या पाटलाचा भाऊ एका डोळ्याने अधू होता. रजिस्टरात तो काण्या नाही. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि मागे राव, सगळं शाबूत. दोन ओळी खाली दुसरा एक माणूस तसाच अधू, तो मात्र काण्या. पटवाऱ्याला टोपणनावं आवडायची असं नव्हतं. कोणाचं लिहिलं तर कोणी तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आमच्याकडे अशा घोळाला एक तयार औषध असतं. त्याचं नाव 'उर्फ'. वारसाने अ‍ॅफिडेव्हिट करून द्यायचं, की माझे वडील विठोबा उर्फ बुटक्या हे एकच. पाच पंचांच्या सह्या घ्यायच्या. फाइल बंद. मी तिला तेच सांगितलं.

"अन् पासबुकावर काय येईन?"

"वडिलांच्या नावाच्या जागी विठोबा उर्फ बुटक्या."

"मंग नाही."

"अहो बाई, जमीन तुमच्या नावावर होतेय. पासबुक काय गळ्यात घालून फिरायचं असतं का?"

"साहेब, मी रोज लोकायचे पासबुक स्कॅन करतो. बँकेत दाखवा लागते, खतासाठी दाखवा लागते, इम्यासाठी दाखवा लागते. दर टायमाले समोरचा मानूस आंधी कागद वाचन, मंग माह्याकडे पाहन, मंग हासन. जमीन भेटो का न भेटो, हे नाव मले विरासतीत भेटलंच हाये. त्याच्यावर तुमचा शिक्का कायले पायजे?"

मी तिला समजावायला गेलो. म्हणालो, माझंच बघा, माझं आडनाव बहिरे. आमच्या सात पिढ्यांत कोणी बहिरा नाही. कधीतरी कोणीतरी असेल, त्यावरून पडलं. नावात काय असतं?

ती म्हणाली, "तुमाले आयकू येते, साहेब. म्हनून तुमाले काही वाटत नाही."

मला तिचा राग आला. अर्जदाराने असं बोलायचं नसतं. मी फाइल ट्रेमध्ये टाकली आणि म्हणालो, मॅडम सांगतील तसं होईल.

मॅडम म्हणजे आमच्या तहसीलदार. वरंगलकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, कामाला चोख. मराठी येत नव्हतं, म्हणून आमचं बोलणं हिंदीत व्हायचं; माझ्या नावामागे मात्र तेलुगूतलं आदराचं 'गारू' लावायच्या.

"बहिरे गारू, उर्फ डाल दो. प्रॉब्लेम क्या है?"

"अर्जदार मना कर रही है, मॅडम."

"क्यों? बुटक्या मतलब क्या?"

मी सांगितलं. त्यांनी फाइल उघडून ते नाव बघितलं. मग म्हणाल्या, "हमारे यहाँ भी ऐसे आदमी को पोट्टोडु बोलते." नंतर घड्याळ बघितलं. "पंचनामा कर लो. पंच लोग बोले के इसका असली नाम विठोबा था, तो मैं करेक्शन कर दूँगी. नहीं तो उर्फ. सभा की मुदत इस महीने खतम है."

हे सरळ होतं. पंचनामा म्हणजे गावातल्या पाच जाणत्या माणसांनी समोर बसून, आम्हाला अमुक गोष्ट ठाऊक आहे, असं लिहून देणं. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. माणूस पंचाहत्तर वर्षं त्या गावात जगला. त्याचं नाव सांगणारे पाच जण मिळणार नाहीत?

मिळाले नाहीत.

ग्रामपंचायतीत पाच म्हातारे जमवले. सगळे विठोबाच्या बरोबरीचे, त्याच्यासोबत वाढलेले. मी विचारलं, या कौसल्याच्या वडिलांचं नाव काय?

"बुटक्या."

"ते गावातलं. खरं नाव?"

पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, "आमी तं बुटक्याच म्हनो. त्याले दुसरं नाव व्हतं का?" दुसरा म्हणाला, "असन. पन आमाले कोनं सांगतलं नाही." ते खोटं बोलत नव्हते. तिच्याबद्दल कोणाच्या मनात वाकडंही नव्हतं. तिला जमीन मिळावी असंच सगळे म्हणत होते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मग त्यातला एक उत्साहाने म्हणाला, "साहेब, नाव नसन ठाव, पन मानूस पक्का ठाव हाये. हे पाहा, एवढा व्हता." आणि त्याने हात आडवा धरून दाखवला. दुसऱ्याने तो हात दोन बोटं खाली केला. तिसरा म्हणाला, नाही, पहिलंच बरोबर. त्यावर त्यांची चांगली चर्चा झाली.

त्या चर्चेतून मला एक नवीच गोष्ट कळली. त्या गावात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलं लाकडी बैल घेऊन निघतात त्या दिवशी, मुलांना विठोबाच्या पाठीला पाठ लावून उभं करायचे. ज्याचं डोकं विठोबाच्या डोक्यावर गेलं तो 'बुटक्याले पार झाला'. त्याला गूळ-खोबरं द्यायचे, आणि पुढच्या हंगामापासून तो खऱ्या बैलांमागे जायला मोकळा. त्या गावातला विठोबाहून लहान असलेला प्रत्येक पुरुष कधी ना कधी त्या पाठीला लागून उभा राहिलेला होता. एक म्हातारा अभिमानाने म्हणाला, "माहा पोरगा सातव्या वर्षीच पार झाला."

"विठोबाला चालायचं का हे?" मी विचारलं.

"त्याले काय व्हते? सन हाये. चूपचाप उभा राहे."

कौसल्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, "तान्ह्या पोळ्याच्या दिशी बाबा भाकर खात नोव्हता." मग म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाली, "तुमाले नाही सांगून राह्यलो, काका. साहेबाले सांगून राह्यलो."

गावाला त्याची उंची बोटाच्या फरकाने पाठ होती. नाव कोणालाच येत नव्हतं.

मी कागद आवरायला लागलो तेव्हा बाहेरच्या ओट्यावरून एक म्हातारी आत डोकावली. गिरजाबाई, शेजारीण. ती म्हणाली, "विठोबा नाव व्हतं जी त्याचं. मले ठाव हाये."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्याची बायको उखान्यात घे ना. संक्रातीच्या हळदी-कुंकवाले. जवारीच्या कनसाले दान्याची दाटी, विठोबाचं नाव घेतो वानासाठी. वर्सातून एकडाव घे. बायायले ठाव हाये सगळ्या."

पुरुष म्हणतच नव्हते आणि बायको नवऱ्याचं नाव एरवी तोंडाने घेत नसते. म्हणजे हा माणूस वर्षातून एकदा, चार बायकांसमोर, दोन ओळींपुरता विठोबा असायचा. बाकी तीनशे चौसष्ट दिवस बुटक्या.

मी गिरजाबाईचा अंगठा घेतला नाही. बाईने पंच होऊ नये असा काही नियम नाही, पण आम्ही घेत नाही, सवय नाही. तोंडी मात्र मॅडमला सांगितलं. उखाणा म्हणजे काय ते समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. त्या म्हणाल्या, "बहुत स्वीट है. पर एव्हिडन्स नहीं है." त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. वरच्या ऑफिसात उखाणा घेऊन कोण उभं राहणार?

मॅडमने आणखी एक वाट सांगितली. "पुराना कुछ पेपर मिलता क्या देखो. ऑफिस के रेकॉर्ड में कहीं विठोबा लिखा हो तो बस."

मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. ती खोली म्हणजे धूळ, पाली आणि लाल कापडात बांधलेली गाठोडी. पटवाऱ्याच्या हातची पहाणी सापडली. तिच्यात बुटक्या. पुढच्या वर्षांच्या नकला, त्यांतही बुटक्या. एकाने लिहिलं, पुढच्याने उतरवलं. तिसऱ्या दिवशी पडताळणीच्या शीट्सचा गठ्ठा हाताला लागला.

वीसेक वर्षांपूर्वी सगळी पहाणी कॉम्प्युटरवर चढवली तेव्हाच्या त्या शीट्स. चढवण्याआधी नावं बरोबर आहेत का हे गावात जाऊन बघायचं होतं. पद्धत तीच. नाव पुकारायचं, माणूस उठला की 'ओळख पटली' या रकान्यात बरोबरची खूण करायची. शेवटी एक रकाना शेऱ्याचा, काही वेगळं आढळलं तर लिहायला.

बुटक्या वल्द राघोसमोर बरोबरची खूण होती. शेऱ्यात बारीक अक्षरात, मराठीत लिहिलं होतं, 'खातेदार म्हणतो खरे नाव विठोबा. नंतर पाहू.' खाली सही होती. सही माझी.

मी त्या गाठोड्यावरच बसलो. शीट हातात आल्यावर ती दुपार आठवली. तोपर्यंत आठवली नव्हती, हेही सांगून टाकतो. गावच्या चिंचेखाली टेबल. मी नुकताच बढती मिळालेला ज्युनियर असिस्टंट, नवं पेन, नवा रुबाब. नाव पुकारलं तसा एक ठेंगणा माणूस लगेच उठला, धोतराला हात पुसत टेबलापाशी आला. त्याची हनुवटी टेबलाच्या कडेला लागत होती. तो म्हणाला, "साहेब, नाव विठोबा हाये. विठोबा राघोजी. तेवढं लिवा."

मी म्हणालो, "मग बुटक्या म्हटल्यावर उठलास कशाला?"

तो म्हणाला, "उठलो नसतो तं वावर गेलं असतं, जी."

सगळे हसले होते. मीही हसलो होतो, आणि त्या वेळी पेन तोंडापुढे धरायचीही गरज वाटली नव्हती. तो माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा. त्या दिवशी बाकी म्हाताऱ्यांना मी 'बसा काका' म्हणालो होतो. त्याला 'उठलास' म्हणालो. का, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. त्याच्याशी बोलताना मला मान खाली घालावी लागत होती, आणि मान खाली घालून ज्याच्याशी बोलतो त्याला आपण तू म्हणतो. लहान मुलाला म्हणतो तसं.

शेरा मात्र मी लिहिला होता. 'नंतर पाहू.' आमच्या खात्यात याचा अर्थ कधीच पाहणार नाही असा असतो.

आता पुरावा सापडला होता. ऑफिसच्याच कागदावर, ऑफिसच्याच माणसाच्या सहीने लिहिलेलं होतं की खरं नाव विठोबा. उर्फची गरजच नव्हती. पण तो कागद फाइलला लावला की पुढचा प्रश्न ठरलेला. हे माहीत असून वीस वर्षं दुरुस्ती का केली नाही? मेमो येणार. मेमो म्हणजे लेखी जाब. आणि रिटायरमेंटच्या तोंडावर मेमो म्हणजे पेन्शनचे कागद लटकणार.

मी ती शीट घडी करून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मॅडमला सांगितलं, काही मिळालं नाही. आठ दिवस ती शीट ड्रॉवरमध्ये होती. त्या आठ दिवसांत मी जेवलो, झोपलो, ऑफिसच्या एका लग्नाला जाऊन आलो. मन खात होतं वगैरे लिहायला बरं वाटेल, पण थोडंच खात होतं.

मुदतीचे दोन दिवस उरले तेव्हा कौसल्या ऑफिसात आली. अ‍ॅफिडेव्हिट तिने स्वतःच टाइप करून आणलं होतं. विठोबा उर्फ बुटक्या. टाइपिंगमध्ये एक चूक नव्हती.

"तयार झालात म्हणायचं," मी म्हणालो.

"काय करू? तुमच्याइथं मुदत संपते. आता नाही केलं तं वावर सरकारी पडीत दाखवतीन म्हनते राजन्ना. बाबानं त्या वावरात नांगराचं रुमनं कापून आखूड केलतं, कोयत्याचा दांडा आखूड केलता. सगळं आपल्या मापाचं करून कमावलं त्यानं ते. नावासाठी वावर घालवलं तं त्याले नाही आवडनार." ती टेबलाजवळ आली. तिची हनुवटी कडेला लागली. "सई कुठं करू?"

मी पेन दिलं नाही. ड्रॉवर उघडला. शूरपणाचं श्रेय मला देऊ नका. ती हनुवटी टेबलाला लागली नसती तर मी पेन दिलं असतं, असं मला अजून वाटतं.

तिने शीट वाचली. शेरा वाचला, खालची सही वाचली, टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली. मला वाटलं, आता बोलेल. मी ऐकून घ्यायची तयारी केली.

ती म्हणाली, "हे तुमी लिवलं व्हतं?"

"हो."

"बाबा सांगे. एक साहेब आलते, त्यायनं नाव लिवून घेतलं. मी म्हनो, बाबा, चाल, ऑफिसात जाऊन पाहू. तं म्हने, कायले? साहेबानं माह्यासमोर लिवलं हाये. सरकारी काम हाये, टाइम लागते. मरेपर्यंत हेच म्हने." मग ती म्हणाली, "तुमाले चांगलंच म्हने, साहेब. एकच मानूस भेटला ज्यानं आयकून घेतलं, म्हने."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या खुर्चीत बसवेना. आजही ते वाक्य आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

शीट मॅडमसमोर ठेवली. त्यांनी शेरा माझ्याकडून वाचून घेतला, सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "ये आठ दिन पहले क्यों नहीं मिला?" त्यांनी दुरुस्तीचा आदेश त्याच दिवशी काढला. नाव विठोबा राघोजी. उर्फ नाही. आणि माझा मेमोही त्याच दिवशी काढला. दोन्ही कामं नियमाने.

मेमोला उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडे त्याचंही तयार वाक्य आहे. 'कामाच्या गडबडीत नजरचुकीने सदर शेऱ्यावर कार्यवाही करण्याचे राहून गेले.' मी तेच लिहिलं. स्कॅन करायला कागद कौसल्याच्याच सेंटरवर गेला, कारण ऑफिसचा स्कॅनर बंद होता. तिने तो वाचला असणार. परत देताना एवढंच म्हणाली, "नजरचूक लिवलं तुमी."

"तसंच लिहावं लागतं," मी म्हणालो.

नजर कुठेही चुकलेली नव्हती. त्या दुपारी मी त्याच्याकडे अगदी नीट बघितलं होतं.

माझे पेन्शनचे कागद चार महिने लटकले आणि मग सुटले. फार काही बिघडलं नाही.

पासबुकं वाटायची सभा माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात झाली. तोच मांडव, तेच पटांगण. या वेळी मी राजन्नाला आधीच सांगून ठेवलं होतं, नीट पुकार. त्याने नीट पुकारलं. "कौसल्या, पिता विठोबा राघोजी."

कोणी हसलं नाही. कोणी वळून बघितलंही नाही. गावाला कळेचना, कोणाला बोलावताहेत ते. कौसल्या पहिल्याच हाकेला उठली आणि सतरंज्यांमधून चालत पुढे आली. तिने पासबुक घेतलं, पहिलं पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. मी समोरच होतो. तिने रजिस्टरवर सही केली आणि ती वळली.

मागून पंचनाम्यातला एक म्हातारा शेजारच्याला विचारत होता, "हा विठोबा कोन बे?"

"अबे, आपला बुटक्या नाही का."

"असं म्हन ना मंग," म्हातारा म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. सात-आठ जण हसले. कौसल्या त्यांच्या मधून गेली. फाइल छातीशी धरलेली, पासबुक फाइलच्या आत.

नव्या पोरांना ट्रेनिंग द्यायला मला कधीकधी बोलावतात. शेवटी विचारतात, सर, एखादा अनुभवाचा सल्ला द्या. मी पडताळणीच्या रकान्याबद्दल सांगतो. हाकेला माणूस उठला म्हणजे नाव बरोबर, असं धरून टिक करू नका. बसून राहणं सगळ्यांना परवडत नाही.